कंसातला पक्ष

शाळेत व्याकरण शिकताना कंसाविषयी एक नियम आमच्या मनावर बिंबवला गेला होता: कंसातला मजकूर गाळला तरी वाक्याचा मूळ अर्थ शाबूत राहिला पाहिजे. नियम ठीकच आहे. परंतु गेल्या साठ वर्षांच्या भारतीय राजकारणात एक कंस असा आहे की तो गाळला, तर माणूस थेट विरुद्ध गोटात जाऊन पडतो. ‘भारतीय कम्युनिस्ट पक्ष’ आणि ‘भारतीय कम्युनिस्ट पक्ष (मार्क्सवादी)’ ही ती नावे. १९६९ मध्ये कंसात एक जोडरेघ आली आणि ‘(मार्क्सवादी-लेनिनवादी)’ असा तिसरा पक्ष झाला. त्या तिसऱ्याचे पुढे इतके तुकडे झाले की, कंसानंतर एखाद्या मुखपत्राचे नाव जोडल्याखेरीज कोण कुठला ते कळेना. ‘लिबरेशन’ हे त्यांतले ठळक. २००४ मध्ये ‘(माओवादी)’ आले. एकदा वर्गात हे सारे सांगताना आम्ही इतक्या वेळा ‘कंस, कंस’ म्हणालो की मागच्या बाकावरून पृच्छा झाली, “मग यांत कृष्ण कोणाच्या बाजूला?” प्रश्न थट्टेचा होता, तरी उत्तर देणे सोपे नव्हते.

साहित्याच्या अभ्यासकाने या कंसांच्या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की, या फुटीचा इतिहास हा पुष्कळ अंशी वाचनाचा आणि नावे ठेवण्याचा इतिहास आहे, आणि ही दोन्ही कामे आपल्या व्यवसायाची आहेत. आपल्या समीक्षेत मात्र ‘साम्यवादी लेखक’, ‘मार्क्सवादी जाणीव’ हे शब्द असे वापरले जातात की जणू १९६४ हे साल उगवलेच नाही.

आधी ‘फूट’ या शब्दाकडेच पाहू. मराठीत फुटणे हे क्रियापद मोठे दुतोंडी आहे. माठ फुटतो, काच फुटते, प्रश्नपत्रिका फुटते, आमदार फुटतात. त्याच क्रियापदाने झाडाला पालवी फुटते, मुक्याला वाचा फुटते, आईला पान्हा फुटतो. १९६४ साली जे घडले त्याचे वर्णन करताना एका बाजूने या क्रियापदाचा पहिला अर्थ घेतला आणि दुसरीने दुसरा. जे राहिले त्यांच्या लेखी एक भरलेला माठ कोणी जाणूनबुजून आपटला होता. जे निघाले त्यांच्या लेखी वठू लागलेल्या खोडाला नवा कोंब आला होता. पहिल्याला ते ‘दुरुस्तीवादी’ म्हणत, म्हणजे मार्क्सच्या मूळ सिद्धान्तात सोयीची डागडुजी करणारे. दुसरे त्यांना ‘संकुचित पंथीय’ म्हणत. दोन्ही शब्द मराठीत परके राहिले. गिरणगावातल्या माणसाने ते तोंडपाठ केले. पण शेजाऱ्याशी भांडताना तो ते वापरीत असेल असे आम्हांला वाटत नाही.

घटनाक्रम बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून थोडक्यात. ही फूट १९६२च्या चीनयुद्धामुळे झाली, असा समज सर्रास आढळतो. युद्धाने ती उघड्यावर आणली हे खरे; त्या नोव्हेंबरात पक्षातल्या डाव्या समजल्या जाणाऱ्या गटाची माणसे देशभर पकडली गेली आणि उरलेल्यांच्या हाती पक्षाची सूत्रे राहिली. परंतु भांडणाचे मूळ जुने होते. काँग्रेसशी कसे वागायचे, हा त्याचा गाभा. १९५६ च्या पालघाट अधिवेशनात तो वाद झाला. १९६१ च्या विजयवाड्याच्या अधिवेशनात तो इतका विकोपाला गेला की, मॉस्कोहून आलेले सुस्लोव्ह तेथे हजर असतानाच पक्ष मोडतो की काय अशी वेळ आली. अजय घोष यांच्या निधनानंतर १९६२ मध्ये अध्यक्षपद श्रीपाद अमृत डांग्यांकडे आणि सरचिटणीसपद नंबुद्रिपादांकडे अशी वाटणी झाली, तीही एका घरात दोन चुली मांडण्यासारखीच होती.

मग आली ती पत्रे. ७ मार्च १९६४ रोजी मुंबईच्या ‘करंट’ साप्ताहिकाने काही पत्रे छापली. १९२४ साली कानपूर कटाच्या खटल्यात तुरुंगात असलेल्या डांग्यांनी ती सरकारला लिहिली, त्यांत सुटकेच्या बदल्यात सहकार्य देऊ केले आहे, असा दावा होता. मूळ कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात होते. डांग्यांनी ती बनावट ठरवली. ११ एप्रिलला राष्ट्रीय परिषदेच्या बैठकीतून बत्तीस सभासद बाहेर पडले. हा प्रसंग आम्हांला नेहमीच विलक्षण वाटतो. देशातल्या एका मोठ्या पक्षाची फाळखत एका पाठचिकित्सेच्या प्रश्नावर व्हावी! हस्ताक्षर कोणाचे, कागद कुठला, प्रत अस्सल की प्रक्षिप्त, हे प्रश्न आपण ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांना विचारतो. एकनाथांनी पाठशुद्धी केली तेव्हा समोरच्या प्रतींतून एक पाठ निवडायचा आणि तो सर्वांनी मानायचा, अशी श्रद्धा तरी होती. इथे ज्याला जो पाठ हवा तो त्याने आधीच निवडला होता. पत्रे खरी मानणारे जवळजवळ सगळे डांग्यांच्या धोरणाचे विरोधक निघावेत आणि खोटी मानणारे सगळे समर्थक, यावरून पत्रांविषयी काही सिद्ध होत नाही. वाचणाऱ्यांविषयी मात्र बरेच कळते.

त्या वर्षाअखेर दोन अधिवेशने भरली. एक कलकत्त्यास, ३१ ऑक्टोबर ते ७ नोव्हेंबर. दुसरे मुंबईस, १३ ते २३ डिसेंबर. दोन्हींनी स्वतःला ‘सातवे अधिवेशन’ म्हटले. सहावे दोघांचे एकच होते आणि आठव्यापासून दोघांची मोजदाद वेगळी चालू झाली. हे सातवे तेवढे दोनदा झाले. इतिहासाच्या पुस्तकात ‘सातव्या अधिवेशनाचा ठराव’ असा उल्लेख आला की आधी शहराचे नाव शोधावे लागते. आरंभी बाहेर पडलेल्यांनीही आपले नाव बदलले नव्हते. वर्तमानपत्रे ‘डावे कम्युनिस्ट’ आणि ‘उजवे कम्युनिस्ट’ म्हणून वेळ मारून नेत होती. ‘मार्क्सवादी’ हा कंस आला तो १९६५ च्या केरळ विधानसभेच्या निवडणुकीपूर्वी, चिन्हाची सोय लावताना. म्हणजे ज्या शब्दावर पुढे लोकांनी प्राण ठेवला, तो शब्द नावात आला मतपत्रिकेच्या निमित्ताने. विळा-कणीस एकाकडे राहिले. विळा, हातोडा आणि तारा दुसऱ्याकडे गेला. शेतकऱ्याचा विळा तेवढा दोघांच्याही वाट्याला आला.

मराठीने या कंसाचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. आपण ‘माकप’ म्हणतो. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष. कंसातला शब्द उडी मारून सर्वांत पुढे आला आणि त्या गडबडीत ‘भारतीय’ हा शब्द गळाला. तो ‘भाकप’च्या वाट्याला गेला. एकाला भारतीयत्व मिळाले, दुसऱ्याला मार्क्स मिळाला. हे भाषेने केवळ सोयीसाठी केले, यात कुणाचा डाव नव्हता. पण चीनयुद्धानंतरच्या त्या काळात दोन्ही पक्षांवर जे आरोप होत होते, त्यांचे इतके अचूक लघुरूप मुद्दाम बसून कोणाला करता आले नसते.

ही झाली नावांची गोष्ट. माणसांचे काय झाले, याची एक हकीकत आम्ही प्रत्यक्ष तोंडून ऐकली आहे. आमच्या परिचयाचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक होते. नगर जिल्ह्यातल्या एका बाजारपेठेच्या गावी, विडी कामगारांच्या वस्तीत, त्यांनी आणि त्यांच्या एका शिंपी मित्राने मिळून पन्नासच्या दशकात अभ्यासमंडळ चालवले. बैठक शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत होई. ग्रंथालय म्हणजे एक लाकडी कपाट. त्यात मॉस्कोला छापलेले निवडक लेनिनचे दोन जाड इंग्रजी खंड, गॉर्कीच्या ‘आई’चा अनुवाद, अण्णा भाऊंची काही पुस्तके, पक्षाच्या पुस्तिकांचे गठ्ठे, आणि गंगाधर अधिकाऱ्यांनी केलेल्या कम्युनिस्ट जाहीरनाम्याच्या मराठी अनुवादाची एकुलती एक प्रत. १९६५ च्या आरंभी हे दोघे दोन पक्षांत गेले. गुरुजी नव्या पक्षात, शिंपी जुन्यात. अभ्यासमंडळ मोडले आणि कपाटाची वाटणी करायची वेळ आली.

गुरुजी ही हकीकत सांगत तेव्हा त्यांचा स्वर शेताच्या वाटणीविषयी बोलणाऱ्या कुणब्यासारखा असे. कपाट शिंप्याचे होते, ते त्याच्याकडे राहिले. पुस्तके एकाआड एक घ्यायची असे ठरले. लेनिनचा पहिला खंड शिंप्याकडे गेला, दुसरा गुरुजींकडे. ‘काय करावे?’ हे पुस्तक पहिल्यात आहे आणि ‘राज्य आणि क्रांती’ दुसऱ्यात. गुरुजी म्हणत, “त्याला प्रश्न मिळाला, मला उत्तर मिळालं. दोघांचं अडलंच.” जाहीरनाम्याची प्रत काही केल्या कोणी सोडीना. अधिकारी स्वतः जुन्या पक्षात राहिले होते, म्हणून ती आपली, असा शिंप्याचा युक्तिवाद. जाहीरनामा अधिकाऱ्यांचा नाही, मार्क्सचा आहे, आणि मार्क्स आमच्या नावात आहे, हा गुरुजींचा. शेवटी प्रत शिंप्याकडे राहिली आणि गुरुजींनी ती अकरा रात्री जागून दोनशे पानी वहीत उतरवून घेतली. ती वही आम्ही पाहिली आहे. शाळामास्तरी वळणाचे सुरेख अक्षर, निळी शाई, समासात कुठेही टिपण नाही. हातांनी प्रत करताना मतभेद लिहायला जागाच उरत नाही, असे त्यांचे म्हणणे.

त्यानंतर बारा वर्षे ते दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. गाव लहान, त्यामुळे न बोलणे हेही एक रोजचे काम होऊन बसले. एकाची सभा मारुतीच्या पारावर, तर दुसऱ्याची बाजारतळावर. एकाच्या घरी ‘युगांतर’ येई, दुसऱ्याच्या घरी ‘जीवनमार्ग’, आणि टपाल वाटणारा पोस्टमन एकच. सर्वांत मोठी अडचण कपड्यांची झाली. गुरुजी शेजारच्या गावी कपडे शिवायला टाकू लागले. “बारा वर्षांत एकही सदरा अंगाला बसला नाही,” असे ते सांगत आणि मग बराच वेळ गप्प बसत. १९७७ नंतर रामराम सुरू झाला. सदरे पुन्हा जुन्या दुकानी शिवले जाऊ लागले. लेनिनचे खंड मात्र दोन घरांतच राहिले.

गुरुजींच्या वाट्याला न आलेल्या त्या पहिल्या खंडात लेनिनची ‘एक पाऊल पुढे, दोन पावले मागे’ ही पुस्तिकाही आहे. ती मुळात एका फुटीविषयीच आहे. १९०३ साली रशियन पक्षाच्या दुसऱ्या अधिवेशनात, पक्षाचा सभासद कोणाला म्हणावे या नियमाच्या एका वाक्यावर लेनिन आणि मार्तोव्ह यांचे बिनसले. एकाच्या वाक्यात संघटनेत ‘प्रत्यक्ष सहभाग’ होता, दुसऱ्याच्या वाक्यात संघटनेच्या मार्गदर्शनाखाली ‘नियमित साहाय्य’. त्या वाक्यापुरते मार्तोव्ह जिंकले. पण पुढच्या एका मतदानात लेनिनच्या बाजूला बहुमत मिळाले आणि ‘बहुमतवाले’ म्हणजे बोल्शेविक हे नाव त्यांनी कायमचे उचलले. दुसऱ्यांनी ‘अल्पमतवाले’ हे नाव निमूट वागवले. नाव पदरात पाडून घेण्याला केवढी किंमत असते हे तेव्हापासून या चळवळीला ठाऊक होते.

अशा वेळी बाहेरचा माणूस हसतो. एका शब्दावरून पक्ष मोडतात, असे म्हणून तो पुढे जातो. आम्हांला हे हसणे फार स्वस्त वाटते. १९६४ च्या दोन्ही कार्यक्रमपत्रिका शेजारी ठेवून वाचल्या तर ध्यानात येते की, सारा वाद ‘भांडवलदार’ या एका नामाला कोणते विशेषण लावायचे याचा आहे. भाकपच्या मते भारतात सत्ता ‘राष्ट्रीय’ भांडवलदारांची होती आणि त्यांत बड्यांचा प्रभाव मोठा होता. माकपच्या मते ती भांडवलदार आणि जमीनदार या दोघांची होती, तिचे नेतृत्व ‘बड्या’ भांडवलदारांकडे होते आणि हे बडे परकी वित्तभांडवलाशी अधिकाधिक हातमिळवणी करीत होते. नक्षलबारीनंतर जे तिसरे आले त्यांच्या मते हे भांडवलदार मुळातच ‘दलाल’ होते. नाम एक, विशेषणे तीन. महानुभावांत सूत्रपाठ एकच असताना भाष्यभेदाने आम्नाय वेगळे झाले, त्याची येथे आठवण होते. फरक इतकाच की, येथे विशेषणाच्या मागोमाग पोलिसांची गाडी येत होती.

कशी, ते पाहा. भांडवलदार ‘राष्ट्रीय’ असेल तर त्याच्यातला पुरोगामी भाग आपला मित्र ठरतो. म्हणजे काँग्रेसमधला एक गट मित्र ठरतो. या तर्काने भाकप केरळात काँग्रेसच्या पाठिंब्याने सत्तेवर राहिली आणि १९७५ मध्ये तिने आणीबाणीचे समर्थन केले. माकपच्या विशेषणातून उलट निष्कर्ष निघत होता आणि तिचे अनेक कार्यकर्ते तुरुंगात गेले. १९७६ च्या मार्चमध्ये कालिकतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या राजन नावाच्या विद्यार्थ्याला नक्षलवादी असल्याच्या संशयावरून पोलिसांनी उचलले. कक्कायमच्या छावणीत छळाने त्याचा अंत झाला. देह वडिलांच्या हाती कधीच आला नाही. त्या वेळी मुख्यमंत्री होते भाकपचे अच्युत मेनन. गृहखाते काँग्रेसच्या करुणाकरन यांच्याकडे होते, हे खरे. वडील ईचर वारियर हिंदीचे प्राध्यापक. त्यांनी दारोदार केलेल्या फेऱ्यांचे, मेनन यांच्याकडे मारलेल्या खेपांचेही वर्णन त्यांच्या मल्याळम आठवणींत आहे, आणि ते इतके संयत आहे की वाचताना हात थरथरतो. एका कम्युनिस्टाच्या राज्यात दुसऱ्या कंसातला समजून एक मुलगा मारला गेला. विशेषणांना हसणाऱ्यांनी ते पुस्तक वाचावे. भाकपने १९७८ च्या भटिंडा अधिवेशनात आणीबाणीविषयीची आपली भूमिका चुकीची ठरवली. डांग्यांना ते मान्य नव्हते. १९८१ मध्ये त्यांनाच पक्षातून काढण्यात आले. ज्यांच्या नावाने एका बाजूला ‘डांगेवादी’ ही शिवी तयार झाली होती, ते अखेरीस आपल्याच बाजूला परके झाले.

महाराष्ट्रात याचे एक चित्र आमच्या डोळ्यांपुढे येते. १९७२-७३ च्या महागाईत मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, त्या महागाईविरोधी समितीत समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते होत्या, माकपच्या अहिल्या रांगणेकर होत्या आणि भाकपच्या तारा रेड्डीही होत्या. लाटण्याला कंस नव्हता. तेल, साखर, रॉकेल हे विषय ज्या बाईच्या हाताला रोज लागतात, तिला राष्ट्रीय भांडवलदार आणि बडा भांडवलदार यांतले अंतर रेशनच्या दुकानी कळत नाही. पण दोन-तीन वर्षांतच आणीबाणी आली. गोरे, दंडवते आणि रांगणेकर तुरुंगात गेल्या, आणि रेड्डींचा पक्ष सरकारच्या बाजूला उभा राहिला. एका मोर्चात खांद्याला खांदा लावून चाललेल्या बायकांमधून ते विशेषण असे आरपार गेले.

आता आपल्या विषयाकडे येतो. या सगळ्याचे मराठी साहित्यात काय झाले? बंगालमध्ये ऋत्विक घटकांनी १९६१ मध्येच ‘कोमल गांधार’ केला. त्यात दोन नाटकमंडळ्यांचे वैर आणि बंगालची फाळणी ही एकमेकींत मिसळून गेली आहेत. पक्ष फुटण्याच्या तीन वर्षे आधी पक्षाच्या कलापथकांतली फूट त्यांनी पडद्यावर आणली, आणि सर्वांचा रोष ओढवून घेतला. मल्याळममध्ये तोप्पिल भासींच्या १९५२ च्या ‘निंगळेन्ने कम्युनिस्टाक्की’ म्हणजे ‘तुम्ही मला कम्युनिस्ट केले’ या नाटकाने पक्षाला घरोघर नेले. तर १९९५ मध्ये सिविक चंद्रन यांनी त्याला प्रतिनाटक लिहून विचारले की, तुम्ही नेमके कोणाला कम्युनिस्ट केले? बंगालीत आणि मल्याळीत हा वाद रंगभूमीवर, पडद्यावर, कादंबरीत झाला. मराठीत तो मुख्यतः पुस्तिकांत झाला. गिरणगावावर आपल्याकडे कादंबऱ्या आहेत, नाटके आहेत, उत्तम कविता आहे. त्यांत संप आहे, टाळेबंदी आहे, चाळ आहे. दोन जिवलग माणसे दोन कंसांत गेल्यावर त्यांच्या जेवणाच्या डब्यांचे काय झाले, ते मात्र जवळजवळ नाही.

याला एक कारण आम्हांला दिसते. मराठीतले ज्यांना आपण या चळवळीचे थोर आवाज म्हणतो, त्यांची मोठी कामगिरी फुटीच्या आधीची आहे. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ चे. ‘फकिरा’ १९५९ ची. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात हे आवाज शिगेला पोहोचले. १९६९ च्या एप्रिलमध्ये तिसरा पक्ष जन्मला, आणि त्याच वर्षी जुलैत अण्णा भाऊ गेले, ऑगस्टात अमर शेख. पोवाडा ज्या ‘आम्ही’ला उद्देशून गायला जातो तो ‘आम्ही’ तोवर मोडला होता. शाहिराला समोर एक जनसमुदाय लागतो, आणि आता समुदाय दोन होते, दोन्हींच्या हातांत लाल झेंडा. ओवीला श्रोता एक पुरतो, पोवाड्याला पुरत नाही. पुढे दलित साहित्याने जो नवा ‘आम्ही’ उभा केला त्याची पायाभरणी वेगळ्या ठिकाणी झालेली होती, आणि कम्युनिस्टांच्या त्या मोडलेल्या सर्वनामाशी त्याचे नाते काय, हा प्रबंधाचा विषय आहे. कोणीतरी तो घ्यावा.

गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या दृष्टीने वाचून पाहावे. पुस्तक १९७० चे, हकीकत १९४५-४७ च्या वारल्यांच्या उठावाची. मधल्या काळात शामराव परुळेकर स्थानबद्धतेत असताना १९६५ मध्ये वारले होते. गोदावरीबाई माकपमध्ये होत्या. पुस्तकात या फुटीची सावलीही पडत नाही. आम्ही हे पुस्तक अनेकदा शिकवले आहे, आणि दरवेळी आम्हांला ते आठवणींच्या पुस्तकापेक्षा पक्ष एकच असतानाच्या दिवसांचा जपून ठेवलेला दस्तऐवज वाटते. विद्यार्थ्यांना प्रकाशनाचे साल आणि कथनाचे साल असे दोन्ही फळ्यावर लिहून दाखवले की, त्यांचे वाचन बदलते. बाईंनी काय सांगितले इतकेच काय सांगितले नाही, याकडेही ती मुले पाहू लागतात.

फुटी महाराष्ट्रात १९६४ च्या आधीही झाल्या होत्या. १९४२ च्या आंदोलनाच्या वेळी पक्षाने ‘लोकयुद्धा’ची भूमिका घेतली म्हणून बाहेर पडलेल्यांची नवजीवन संघटना आणि तिच्यातून पुढे लाल निशाण पक्ष. त्यालाही नंतर ‘(लेनिनवादी)’ असा कंस फुटला. मूळ लाल निशाण २०१७ मध्ये भाकपमध्ये विलीन झाला, पंचाहत्तर वर्षांनी घरी परतला म्हणायचे. पण आमच्या मते सर्वांत अर्थपूर्ण फूट झाली ती १९७८ मध्ये धुळ्यात. कॉम्रेड शरद पाटील माकपमधून बाहेर पडले आणि त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. मार्क्सला फुले आणि आंबेडकरांची जोड दिल्यावाचून भारतातले शोषण कळणार नाही, जात ही वर्गाची केवळ सावली नव्हे, हे त्यांचे म्हणणे. राष्ट्रीय, बडा, दलाल या तिन्ही विशेषणांत हा प्रश्न कुठेच मावत नव्हता. १९६४ च्या भांडणात दोन्ही पक्षांनी मॉस्को आणि पीकिंग यांच्याविषयी जितकी पाने खर्ची घातली, तितकी गावकुसाविषयी घातली नाहीत. हा आमचा आरोप नाही, त्या पुस्तिका कोणीही मोजून पाहाव्यात. पाटलांच्या पक्षाच्या नावात कंस नाही, हेही लक्षात घ्यावे. नवा शब्द मागे डकवलेला नाही, पुढे आणून बसवला आहे, आणि तो रशियाहून किंवा चीनहून न येता पुण्याच्या १८७३ सालातून आलेला आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव ठाऊक असते ते ‘अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र’ या ग्रंथामुळे. तो अवघड आहे, हट्टी आहे, संस्कृत व्युत्पत्तींवर भलताच विसंबतो. पक्ष सोडलेल्या माणसाने सौंदर्यशास्त्र का लिहावे, हा प्रश्न विचारून तो वाचला तर त्याचा हट्ट समजू लागतो. त्यांचा पक्ष कधी मोठा झाला नाही. धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात त्याची मुळे रुजली, आणि बाहेर तो ग्रंथांतून वाचला गेला.

संघटनांचीही वाटणी झाली. आयटक एकाकडे राहिली, १९७० मध्ये कलकत्त्यास सिटू निघाली आणि तिचे अध्यक्ष झाले आपले बी. टी. रणदिवे. किसान सभेला मात्र दोघांनीही नाव सोडले नाही. अखिल भारतीय किसान सभा या एकाच नावाच्या दोन संघटना आजही आहेत, आणि ओळखू याव्यात म्हणून त्यांच्या नावापुढे कंसात सिद्धान्त लिहीत नाहीत, दिल्लीतला पत्ता लिहितात. एकीच्या कंसात ‘अजय भवन’, दुसरीच्या कंसात ‘३६, कॅनिंग लेन’. विशेषणांपासून निघालेला प्रवास घरक्रमांकावर येऊन थांबला. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला पायी आलेला तो लांबच लांब लाल मोर्चा दुसऱ्या पत्त्याचा होता. रस्त्यात पाणी देणाऱ्या मुंबईकरांनी पत्ता विचारला नाही, कारण त्यांना दोन पत्ते आहेत हेच माहीत नव्हते.

जन्मतारखेचेही तसेच. माकप आपला जन्म ताश्कंदचा, १७ ऑक्टोबर १९२० चा मानते. भाकप कानपूरच्या डिसेंबर १९२५ च्या परिषदेपासून वर्षे मोजते. त्यामुळे एकाची शंभर वर्षे २०२० मध्ये भरली, दुसऱ्याची २०२५ मध्ये. गंमत म्हणजे कानपुरास, जिथून डांग्यांचा पक्ष आपले वय मोजतो, डांगे नव्हतेच. ते तुरुंगात होते. आणि तेथे हजर असलेले मुझफ्फर अहमद पुढे माकपचे झाले. गेल्या वर्षी आमच्याकडे ‘साहित्य आणि सामाजिक चळवळी’ या अभ्यासपत्रिकेत एका वाक्यात उत्तर लिहा असा प्रश्न होता, भारतात कम्युनिस्ट पक्षाची स्थापना केव्हा झाली. एका विद्यार्थिनीने एकाच ओळीवर दोन साले लिहिली, मध्ये तिरपी रेघ काढली आणि दुसऱ्या सालापुढे कंस उघडून तो रिकामाच सोडला. नमुना उत्तरात एकच साल छापलेले होते. आम्ही तिला पूर्ण गुण दिले.